पूजेचा खांब

ती घटना आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतो तो स्टेशन डायरीतला एक शब्द: ‘अफवा’. अक्षर ठाणे अंमलदाराचे होते. खाली सही माझी आहे.

मी तेव्हा नाशिक शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास जमीन हलली. टेबलावरचे पेन घरंगळले, मुद्देमाल खोलीच्या दाराची कडी वाजली आणि कोठडीतला एक चोर ओरडला, “साहेब, आधी कुलूप काढा, मग पळा!” पाच-सहा सेकंदांत सगळे थांबले. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, पेठ-सुरगाण्याकडे, असे लहान धक्के अधूनमधून बसतात. शहरापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. नियंत्रण कक्षाने विचारणा केली, आम्ही ‘हानी नाही’ असे कळवले. घराबाहेर आलेले लोक तासाभरात परत आत गेले.

संध्याकाळी ठाण्याचा फोन सतत वाजत राहिला. कोणी म्हणे धरणाला तडा गेला, कोणी म्हणे नऊ वाजता दुसरा धक्का येणार. त्यातच एका माणसाने हद्दीतल्या एका सात मजली इमारतीचे नाव घेतले. “तिथली माणसं बाहेर काढा साहेब. खाली नुसतं पार्किंग हाय. खांबात रिंगा नायत.” नाव विचारताच फोन बंद झाला. अंमलदाराने बाकीच्या फोनांबरोबर तोही एका ओळीत लिहिला आणि पुढे तो शब्द टाकला. घरी जाण्यापूर्वी मी डायरी तपासली आणि सही केली.

मंगळवारी सकाळी त्याच माणसाचा फोन पुन्हा आला. या वेळी फोन मी उचलला.

“साहेब, त्या बिल्डिंगीत रविवारी हळद हाय. पार्किंगमध्येच. मांडव टाकू देऊ नका.”

“तुम्ही कोण बोलताय?”

“ते सोडा. मांडव टाकू देऊ नका.” फोन बंद.

नोकरीत मी अफवा पुष्कळ ऐकल्या. अफवा पसरवणाऱ्याला श्रोता हवा असतो, तो बोलणे लांबवतो. या माणसाला श्रोता नको होता. त्याला एक काम करून हवे होते, तेही ठरलेल्या दिवसाच्या आत. मी डायरी मागवून शनिवारची नोंद पुन्हा वाचली. तीन दिवस वाया गेले होते. रविवारला पाच उरले होते.

ठाण्यात एक जुने हवालदार होते. त्यांचे भाऊबंद गोदाकाठी भाविकांची पूजा सांगतात. घराण्यात पोलिसात आलेले ते एकटेच. नुकतेच त्यांनी स्वतःचे घर बांधले होते. रिंगा म्हणजे काय, हे मला त्यांनी सांगितले. “साहेब, खांबात उभ्या सळ्या असतात. त्यांच्याभोवती ठरावीक अंतरावर लोखंडाचे आडवे चौकोन घालतात. त्या रिंगा. त्या नसल्या तर सळ्यांना धरून ठेवणारं कोणी नाही.”

आम्ही दोघे त्या इमारतीत गेलो. चार वर्षांपूर्वी बांधलेली, अठ्ठावीस बिऱ्हाडांची. तळमजल्यावर भिंत नाही. अठरा खांब, त्यांच्यामध्ये गाड्या. सोसायटीचे अध्यक्ष खाली आले. सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, बोलण्यात व्यवस्थित. रस्त्याकडच्या एका खांबावर, तुळईच्या खाली, तिरपा तडा होता आणि त्यावर ताजे पांढरे सिमेंट फासलेले होते.

“हे कोणी केलं?” मी विचारले.

“मीच करून घेतलं. प्लास्टरचा तडा आहे साहेब. उगाच लोक घाबरतात.”

हवालदारांनी जीपच्या किल्लीने ते सिमेंट खरवडले. प्लास्टर सुटले, मागचा काँक्रीटचा ढलपाही सुटून खाली पडला. आत एक उभी सळी दिसली. हवालदारांनी तिच्यावर वीत ठेवली, मग वरच्या बाजूला अर्धी वीत आणखी. आडवे काहीच नव्हते. “साहेब, एवढ्या जागेत एक तरी रिंग दिसायला पाहिजे होती,” ते म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आले की आमची जीप मी त्याच खांबाला टेकून लावली होती.

नवरीचे वडील पाचव्या मजल्यावर राहत. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. पिंपळगाव बसवंतला भावाबरोबर त्यांचे द्राक्षे पेट्यांत भरण्याचे पॅकहाउस होते आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात हा फ्लॅट घेतलेला. सगळी इमारत त्यांना नाना म्हणत असे. तेही खाली आले होते. मी विषय काढला तसे ते हसले.

“साहेब, पाचशे पाव्हणं येणार. लगीनसराईत आता हॉल कुठं भेटायचा? अन् धक्का बसला तव्हा मी वर चहा पीत होतो. कप पण सांडला नाय.”

“मांडव कुठे घालणार?”

“हे काय, इथं. रस्त्याच्या बाजूला. वाजवणारे बी इथंच बसतील.” त्यांनी त्याच तडा गेलेल्या खांबावर थाप मारली.

एका तड्यावरून इमारत रिकामी करण्याचा अधिकार पोलिसांना नसतो. मी महापालिकेला पत्र दिले. पाहणी, अहवाल, नोटीस, असा तो रस्ता होता आणि तो रविवारपर्यंत संपणारा नव्हता. म्हणून ओळखीतून स्थापत्य शाखेच्या एका प्राध्यापक बाईंना विनंती केली. बुधवारी सकाळी त्या आल्या. तासभर त्यांनी एकेक खांब तपासला. पार्किंगमध्ये फिरल्या, वर जाऊन भिंती पाहिल्या, पुन्हा खाली आल्या. मग मला रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर घेऊन गेल्या. तिथे उसाची मोळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

“ही मोळी उभी करून डोक्यावर पाटी ठेवली तर ती राहील,” त्या म्हणाल्या. “आता तिचे बांध सोडा आणि जमिनीवरून हलवा. काय होईल? ऊस म्हणजे सळ्या. बांध म्हणजे रिंगा.”

“पण मॅडम, चार वर्षं इमारत उभी आहे.”

“रोजचं वजन तो खांब पेलतोच. म्हणून तर कोणाला कळलं नाही. रिंगांची गरज जमीन हलते तेव्हा लागते. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार आहे, खाली नुसते खांब. सगळं हलणं इथे, या एका मजल्यात जमा होणार. शनिवारचा धक्का लहान होता, त्यात इतकं दिसतंय.”

“पुढचा कधी येईल?”

“ते कोणीही सांगू शकत नाही. जो सांगेल त्याला तुम्ही आत टाका.”

अठराही खांब फोडून पाहता येणार नव्हते. वर सात मजल्यांचा भार होता. आतले लोखंड दाखवणारे यंत्र पुढच्या आठवड्यात मिळणार होते. बाईंचे म्हणणे सरळ होते. जे खांब सगळ्यात कमजोर आहेत त्यांच्या शेजारी आधी भक्कम लोखंडी जॅक लावा, मग बाकीचे बघू. “पण कोणते कमजोर, हे मला कोणीतरी सांगितलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “चुकीच्या जागी टेकू लावून उपयोग नाही.”

दुपारी बांधकाम व्यावसायिक ठाण्यात हजर झाला. सोबत इमारतीचा आराखडा करणारे सल्लागार अभियंता होते. व्यावसायिकाने खुर्ची ओढली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, चहा माझ्याकडून. तुमच्या ठाण्याचा चहा मी एकदा पिलोय.” मग त्याने फाइल उघडली. काँक्रीट ओतण्यापूर्वी खांबाचे लोखंड अभियंत्याने तपासायचे असते. फाइलमध्ये तळमजल्याच्या अठरा खांबांचे अठरा फोटो होते. प्रत्येकात रिंगा चार-चार इंचांवर, शेजारी मोजपट्टी धरलेली. प्रत्येक फोटोपुढे तारीख आणि सल्लागारांची मान्यता.

“तुम्ही स्वतः तपासलं?” मी सल्लागारांना विचारले.

त्यांनी पहिला फोटो पुढे ओढला. “पहिल्या खांबाला होतो. पुढचे फोटो मोबाइलवर यायचे. माझ्याकडे त्या वेळी पुष्कळ साइट होत्या. आजकाल तशीच पद्धत आहे.”

व्यावसायिकाने फाइल माझ्याकडे सरकवली. “अठरा खांब, अठरा फोटो, अठरा वेळा ओके. तुमच्याकडं काय आहे साहेब? एक निनावी फोन.”

त्याचे बरोबर होते. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: पुरावा आहे का? मी नाही म्हणालो. “मग इमारत खाली करा असं तोंडी सांगत फिरू नका,” ते म्हणाले. “लोक जिन्यात चेंगरतील, आणि जबाबदार तुम्ही ठराल.” तेही बरोबर होते. त्या संध्याकाळी इमारतीच्या फाटकाला मांडववाल्याचा टेम्पो लागला होता. लोखंडी पाइप उतरवून त्याच रस्त्याकडच्या खांबांना टेकवून ठेवले होते.

गुरुवारी सकाळी मी अठराही फोटो मोठे करून छापायला सांगितले आणि लांब टेबलावर ओळीने मांडले. खोट्या कागदात सहसा काहीतरी कमी असते. इथे काहीच कमी नव्हते. मी रिंगा मोजल्या, मोजपट्टीवरचे आकडे वाचले. अर्धा तास गेला. तेवढ्यात हवालदार आले. कपाळाला गंध, हातात हजेरीपट. ते टेबलाजवळून जाता जाता थांबले.

“साहेब, हा नाडा आहे.”

पाचव्या फोटोच्या डाव्या कडेला, सळीमागे, लाल-पिवळ्या धाग्याचे टोक दिसत होते. आम्ही बाकीचे फोटो उन्हात नेले. सात फोटोंत तो धागा होता. कुठे गाठ, कुठे नुसते टोक. चार फोटोंत धाग्यात खोचलेले आंब्याचे पान होते. पानाचे टोक फाटलेले होते, चारही फोटोंत एकाच जागी.

“पाया भरताना ईशान्येच्या खांबाची पूजा करतात,” हवालदार म्हणाले. “लोखंडाला नाडा बांधायचा, पान खोचायचं. पण एकाच खांबाला. अठरा खांबांची पूजा असती ना साहेब, तर माझे भाऊबंद अजून तिथंच बसले असते, उठलेच नसते.”

मी तारखा पाहिल्या. पान असलेला पहिला फोटो आणि शेवटचा फोटो यांत सहा आठवड्यांचे अंतर होते. पान दोन्हींत हिरवेगार होते. तोडलेले आंब्याचे पान उघड्या लोखंडावर, उन्हात, चार दिवसही तसे राहत नाही.

त्या वेळचा साइट इंजिनिअर आता दुसऱ्या एका कामावर होता. त्याला बोलावले. तिशीचा, कपडे नीटनेटके, हातात हेल्मेट तसेच. माझी एक पद्धत होती: ज्याने उत्तर पाठ केले आहे त्याला आधी ते पूर्ण म्हणू द्यावे. वीस मिनिटे मी त्याला कामाचे सगळे टप्पे विचारले. तो ड्रॉइंगच्या क्रमांकांसह बोलला. मग मी ते चार फोटो त्याच्यापुढे ठेवले आणि पानावर बोट ठेवले.

“हे पान कधी तोडलं?”

“पूजेच्या दिवशी, सर.”

“आणि हे?”

तो फोटो पाहत राहिला. बाहेर कोणीतरी पासपोर्टच्या पडताळणीसाठी हुज्जत घालत होते, ते आत स्पष्ट ऐकू येत होते. त्याने हेल्मेट मांडीवरून जमिनीवर ठेवले.

“सर, त्या दिवशी सल्लागार येणार होते. पूजा होती. म्हणून तो एक खांब ड्रॉइंगप्रमाणे बांधला. मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. शपथेवर सांगतो, तेव्हा मनात काही नव्हतं.”

“नंतर?”

“मालकांच्या दुसऱ्या साइटवर रिंगा कमी पडल्या. म्हणाले, इथल्या पाठव, इथं लांब-लांब घाला. मग सल्लागारांनी फोटो मागितला की मी त्यातलाच एखादा पाठवायचो. धागा कापून टाकायचो फोटोतून. कुठेकुठे राहिला.”

“अठरा वेळा?”

“सतरा वेळा, सर. एक खरा होता.”

“कोणत्या खांबात किती रिंगा आहेत?”

“मला माहीत नाही.” त्याचा आवाज खाली गेला. “मी बघायचोच नाही, सर. बघितलं असतं तर पाठवता आला नसता फोटो.”

माझ्या नोकरीत मी ऐकलेल्या कबुलीजबाबांत हे वाक्य मला सर्वांत खरे वाटले. पण त्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. गुन्हा उघड झाला होता. खांब मात्र अजून झाकलेले होते.

“मग कोणाला माहीत आहे?”

“लोखंडाचा मुकादम. पेठकडचा. वयस्कर. भांडून काम सोडून गेला. तो एकटाच रिंगेचं टोक आत वळवायचा. ड्रॉइंगमध्ये तसंच असतं, पण वेळ लागतो म्हणून कोणी करत नाही. मालक त्याला म्हणायचे, तू दागिने घडवतोस काय?”

प्राध्यापक बाईंना मी फोनवर विचारले. त्यांनी सांगितले, की रिंगेचे टोक नुसते काटकोनात मोडले तर हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट सुटते आणि रिंग उघडते. टोक खांबाच्या पोटात वळवले तर ती धरून ठेवते.

मंगळवारच्या फोनचा क्रमांक आमच्याकडे होता. तो घोटीतल्या एका भात गिरणीच्या मालकाचा निघाला होता. त्याचे म्हणणे, गिरणीच्या शेडचे काम चालू आहे, मजूर फोन मागतात, कोणी काय बोलले ठाऊक नाही. आता त्या उत्तराला अर्थ आला.

शुक्रवारी आम्ही घोटीला गेलो. साध्या कपड्यांत, खासगी गाडीने. पोलिसांची जीप पाहून तो डोंगर चढला असता तर रविवारपर्यंत हाती लागला नसता. गिरणीच्या मागे सहा जण फळीवर खिळे ठोकून त्यावर रिंगा वळवत बसले होते. पाच जणांचे हात भराभर चालत होते. सहावा पिकल्या केसांचा होता. तो प्रत्येक रिंगेला एक पीळ जास्त देत होता, टोक आत घेत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने वर पाहिले नाही. माझ्या पायांकडे पाहिले.

“साहेब हाय ना तुम्ही?”

“कशावरून?”

“कपडे बदललं, बूट नाय बदललं.”

हवालदार हसले. मी खाली बसलो. “मामा, फोन तुम्ही केला होता.”

तो रिंग वळवत राहिला. “केला असंल तर?”

“कोणते खांब, ते सांगा. रविवारला दोन दिवस राहिले.”

“मी सांगितलं तर पहिला मलाच घालाल आत. लोखंड बांधलं कोणी? मी. हात कोणाचं? माझं. मालक म्हणील, मुकादमानंच रिंगा इकून खाल्ल्या. मंग?”

अशा वेळी खोटे आश्वासन द्यायचा मोह होतो. दिले की माणूस बोलतो आणि कोर्टात फिरतो. मी म्हणालो, “तुम्हाला काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. ते कोर्ट ठरवतं. तुम्ही जे सांगाल ते मी तसंच लिहीन, एक शब्द बदलणार नाही. आणि तुम्ही शनिवारी फोन केला होता, आम्ही तीन दिवस हललो नाही, हेही लिहीन.”

त्याने हातातली रिंग खाली ठेवली. “हे पण लिहाल?”

“सही माझी आहे तिथे. लिहावंच लागेल.”

त्याने गिरणीकडे पाहिले. “आमच्याकडं जमीन गुरगुरती, साहेब. आमची घरं कुडाची. पडला तर कूड पडतो, माणूस झटकून उठतो. हे सात मजलं हायत. शनिवारी हाललं तसा मी इथनं सोमवारी बिल्डिंग बघाय गेलो. वॉचमन म्हणला रविवारी हळद. मांडव कुठं, तर रस्त्याकडं.” त्याने चार बोटे वर केली. “तेच चार खांब.”

“काय झालं त्या चारांचं?”

“काँक्रीटची गाडी गेटावर उभी होती. रिंगा संपल्या. मी म्हणलो, उद्या आणून घालू, मंग भरा. तर मालक म्हणला, गाडी काय तुझ्या बापाची हाय का थांबायला? जेवढ्या होत्या तेवढ्या बुडाला घातल्या. वरच्या अंगाला काहीच नाय. पूजेचा खांब पुरा हाय. बाकीच्या तेरांत निम्म्या-निम्म्या. मी दुसऱ्या दिवशी काम सोडलं.”

त्याने फळीवर खडूने अठरा खुणा काढून दाखवल्या. आम्ही निघताना त्याने अर्धवट राहिलेल्या रिंगा मोजून शेजाऱ्याच्या ताब्यात दिल्या आणि त्याला बजावले, “टोकं आत घे. आल्यावर बघणार हाय मी.”

शनिवारी सकाळी तो त्या पार्किंगमध्ये एकेका खांबाजवळ गेला, हात लावला, खडूने खूण केली. कागद पाहिला नाही. महापालिकेचे अभियंता आले होते. साइट इंजिनिअरचा जबाब आणि पानाचे फोटो पाहिल्यावर त्यांनी तातडीची नोटीस काढण्याचे मान्य केले, पण ती सोमवारी हाती पडणार होती. प्राध्यापक बाईंनी त्या चार खांबांभोवती जॅक लावून घेतले आणि मग पंचांसमोर, त्या चारांतल्या मधल्या एका खांबाचा वरचा थोडा भाग उघडायला सांगितला.

मी नानांना बोलावले. ते रागातच आले. मागे मांडववाले पाइप घेऊन खोळंबले होते. “साहेब, माझ्या पोरीची हळद हाय. तुम्ही काय लावलंय हे?”

“एकदा हात घाला इथे,” मी म्हणालो.

त्यांनी बाही मागे सारून उघड्या सळीला हात लावला. तुळईपासून खाली बोटे सरकवत नेली. मनगट गेले, कोपर गेले. बोटे कुठेच अडली नाहीत. त्यांनी हात काढला, दुसऱ्या सळीवरून पुन्हा तसाच नेला. चेहऱ्यावरचा राग गेला होता.

“द्राक्षाच्या मांडवाला आम्ही याच्यापेक्षा जास्त तार बांधतो,” ते म्हणाले. “अन् तिथं खाली फक्त घड लटकत्यात.”

अध्यक्ष मध्ये पडले. “नाना, नोटीस अजून आलेली नाही. सोमवारी बघू ना. उगाच सगळीकडे बोभाटा—”

“अध्यक्ष, तुमचं पांढरं सिमेंट मी पाहिलंय,” नाना म्हणाले. “तुम्ही उद्या कुठं बसणार होता जेवायला? याच खांबाखाली ना?”

पुढचे सगळे त्यांनी केले. पाइप टेम्पोत परत चढवले आणि टेम्पो पिंपळगावला पाठवला. हळद त्यांच्या पॅकहाउसच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठरली. मग ते सातव्या मजल्यापासून प्रत्येक दाराशी गेले. पोलिसांनी ‘बाहेर पडा’ म्हटले असते तर अर्ध्या लोकांनी कायदा विचारला असता. नाना म्हणाले, “उद्या सकाळी सगळ्यांनी माझ्याकडं यायचं. म्हातारी माणसं, पोरंटोरं, सगळे. चार दिवसांचे कपडे घेऊन. घराला कुलूप पाहिजे. कोणी मागं राहिलं तर मी रुसलो समजा.” लग्नघरच्या माणसाला नाही म्हणणे सोपे नसते. रविवारी सकाळी एरवी द्राक्षांचे क्रेट वाहणारे टेम्पो फाटकाशी लागले आणि अठ्ठावीस बिऱ्हाडे त्यांत बसून गेली. शेवटी उतरले अध्यक्ष. त्यांनी जिन्याच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली.

हळदीची वेळ दुपारी चारची होती. त्या वेळी मी रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभा होतो. रिकामी इमारत, गॅलऱ्यांत वाळत राहिलेले दोन-चार कपडे, खाली खडूच्या खुणा आणि जॅक. चार वाजले, सव्वाचार झाले, पाच वाजले. काहीही झाले नाही. जमीन जागची हलली नाही. रसवंतीवाल्याने विचारले, “साहेब, मग सगळी धावपळ फुकटच म्हणायची?”

सोमवारी नोटीस लागली, गुन्हा नोंद झाला. यंत्र आले. त्याने दाखवलेले लोखंड आणि मुकादमाच्या खडूच्या खुणा यांत एकाही खांबाचा फरक निघाला नाही. खांबांना बाहेरून नवे लोखंड आणि काँक्रीटचे आवरण घालून मजबूत केल्यावर सहा महिन्यांनी लोक परत राहायला आले. मुकादमाचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झाला. त्यात शनिवारच्या फोनचा उल्लेख आहे, आणि स्टेशन डायरीतल्या त्या नोंदीबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. खटला न्यायालयात आहे, म्हणून आरोपींविषयी अधिक लिहीत नाही.

या तपासात मला कोणी फार मोठा कट सापडला नाही. एका माणसाला गाडी परत पाठवायची नव्हती. एकाला फोटो पुरेसा वाटला. एकाने मुद्दाम पाहिले नाही, एकाने तड्यावर सिमेंट फासले, आणि मी एका शब्दाखाली सही केली. प्रत्येकाने आपल्यापुरते थोडेसे सोडले होते. पाहणाऱ्यापुढे मात्र नेहमी एकच खांब होता, नीट बांधलेला, पान खोचलेला. आम्ही पोलिसही अनेकदा तोच पाहून परततो.

निवृत्तीनंतर एका सकाळी नानांचा फोन आला. निफाडजवळ, मळ्यात, ते घर बांधत होते. “साहेब, मोजायला या.” मी गेलो. लोखंडाचे काम करत होते पेठकडचे तेच मामा. मला पाहून त्यांनी आधी बुटांकडे पाहिले. “आता बदललं वाटतं,” म्हणाले.

गुरुजी ताट घेऊन ईशान्येच्या खांबापाशी उभे होते. काँक्रीटची गाडी बांधावर येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर सारखे घड्याळ पाहत होता.

“थांबू द्या तिला,” नाना म्हणाले. त्यांनी मोजपट्टी माझ्या हातात दिली. आम्ही तिघे एकेका खांबाजवळ गेलो. बुडाशी, मध्ये, वर तुळईच्या सांध्यात. प्रत्येक रिंगेचे टोक आत होते. शेवटच्या खांबापर्यंत यायला दीड तास लागला. तो विहिरीकडच्या कोपऱ्यात होता, कोणी सहज पाहणार नाही अशा जागी. मामांनी तो आदल्या संध्याकाळी, सगळे थकले असताना बांधला होता. नानांनी त्याच्या रिंगा दोनदा मोजल्या. मग गुरुजींना हाक मारली.

“गुरुजी, ताट इकडं आणा.”

“अहो नाना, पूजा ईशान्येच्या खांबाची असते. पहिल्या.”

“पहिला सगळेच नीट बांधत्यात,” नाना म्हणाले. “नाडा याला बांधा.”